हृदयाचे बोल

ठाणे जिल्ह्यात कामवारी नदीच्या काठी भिवंडी नावाचे शहर वसलेले आहे. ठाण्याहून ते सुमारे १५ किलोमीटरांवर आहे. यंत्रमागांचे शहर म्हणून भिवंडीची ख्याती साऱ्या देशात पसरली आहे. येथील एखाद्या गल्लीत शिरा; मागांचा खडखडाट कानी येतो. उभ्या धाग्यांमधून धोटा उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे धावत असतो, आणि तसूतसूने कापड वाढत असते. माग चालवणारे कारागीर बहुधा बारा बारा तासांची पाळी करतात. कारखान्यात गोंगाट एवढा असतो, की शेजाऱ्याशी बोलायचे झाले तरी त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते, नाहीतर हाताने खुणा कराव्या लागतात.

अशा या गजबजलेल्या शहरातही काही माणसांचे काम मात्र शांतपणे ऐकण्याचे असते. एखाद्या दवाखान्याचे दार लोटून घेऊन, रोग्याच्या छातीवर नळी टेकवून, डोळे किंचित मिटून ती माणसे एक अगदी मंद आवाज ऐकत असतात. ते असतात हृदयरोगाचे डॉक्टर, आणि तो आवाज असतो हृदयाचा. हे डॉक्टर काय ऐकतात, काय पाहतात आणि रोग्याला कोणत्या रीतीने साहाय्य करतात, याची माहिती आपण या पाठात करून घेऊ.

प्रथम हृदयाचीच ओळख करून घेतली पाहिजे. हृदय छातीच्या मध्यभागी, किंचित डावीकडे झुकलेले असते. आपली मूठ वळली म्हणजे जेवढी होते, साधारण तेवढाच त्याचा आकार. मोठ्या माणसाच्या हृदयाचे वजन सुमारे ३०० ग्रॅम भरते. त्यात चार कप्पे असतात. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद म्हणतात व खालच्या दोहोंना निलय म्हणतात. उजवीकडचे कप्पे शरीरातून परत आलेले रक्त फुप्फुसांकडे पाठवतात, आणि तेथे प्राणवायू घेऊन आलेले रक्त डावीकडचे कप्पे सर्व शरीरभर पाठवतात. रक्त उलट दिशेने वाहू नये म्हणून हृदयात चार झडपा असतात. दाराला कडी घालावी तशा त्या वेळच्या वेळी मिटतात.

यंत्रमागाचा धागा तुटला, तर कारागीर माग थांबवतो, धागा जोडतो, तेल देतो आणि माग पुन्हा चालू करतो. हृदयाला अशी विश्रांती कधीच मिळत नाही. मोठ्या माणसाचे हृदय एका मिनिटात सुमारे ७२ ठोके देते. म्हणजे एका दिवसात एक लाखाहून अधिक ठोके होतात. दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त त्यातून बाहेर पडते. आपण झोपलो तरी ते जागे असते. म्हणूनच त्याची दुरुस्ती करणाऱ्याला त्याची भाषा समजावी लागते.

निरोगी हृदयाची भाषा अगदी सोपी आहे. 'लब्-डब्, लब्-डब्' एवढे दोनच शब्द. अलिंद आणि निलय यांच्यामधल्या झडपा मिटल्या, की 'लब्' हा आवाज होतो. निलयातून बाहेर जाणाऱ्या वाटांवरच्या झडपा मिटल्या, की 'डब्' हा आवाज होतो. झडप अरुंद झाली किंवा नीट मिटेनाशी झाली, तर या दोन शब्दांच्या मध्ये वाऱ्याच्या सुसकाऱ्यासारखी एक सरसर ऐकू येते. अनुभवी डॉक्टरांचा कान त्या सरसरीवरून कोणती झडप बिघडली आहे, याचा अंदाज बांधतो.

पूर्वी हा आवाज ऐकण्यासाठी डॉक्टर रोग्याच्या छातीला आपला कान लावीत. १८१६ साली पॅरिस शहरात रेने लेनेक या डॉक्टरापुढे एक स्थूल बांध्याची तरुण रुग्ण स्त्री आली. तिच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. तेव्हा त्याने कागदांची सुरळी केली, तिचे एक टोक तिच्या छातीवर ठेवले व दुसरे आपल्या कानाला लावले. नुसत्या कानापेक्षाही हृदयाचा आवाज अधिक स्पष्ट ऐकू आला! मग त्याने लाकडाची पोकळ नळी बनवली. डॉक्टरांच्या गळ्यात आज दिसणारा स्टेथोस्कोप हा त्या कागदी सुरळीचाच वंशज होय.

कानाने कळत नाही ते डोळ्यांना दाखवण्याचे काम पुढे विजेच्या आलेखाने केले. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्यात अतिसूक्ष्म वीज निर्माण होते. हॉलंडमधील विलेम आइंटहोवेन या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी ती मोजणारे यंत्र तयार केले. त्या यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रोग्याला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. १९०५ साली आइंटहोवेनने रुग्णालयात बसलेल्या रोग्याच्या हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेने सुमारे दीड किलोमीटर दूर असलेल्या आपल्या प्रयोगशाळेत मिळवला. या संशोधनाबद्दल त्याला १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज हेच काम लहानशा पेटीएवढे यंत्र काही मिनिटांत करते. त्याला ई. सी. जी. म्हणतात. गावातल्या लहान दवाखान्यात काढलेला आलेख मोबाइलवरून क्षणात दूरच्या तज्ज्ञाकडे पोचतो, तेव्हा आइंटहोवेनच्या त्या टेलिफोनच्या तारेची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

ई. सी. जी. ने हृदयातील विजेची वाट कळते. परंतु झडपांची हालचाल दिसत नाही. ती दाखवणारी युक्ती स्वीडनमधील एडलर व हर्ट्झ या दोघांनी १९५३ साली शोधली. वटवाघूळ अंधारात आवाज सोडते व त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखते. त्याच प्रकारे माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी छातीत सोडून परतणाऱ्या प्रतिध्वनींचे चित्र पडद्यावर उमटवले जाते. प्रतिध्वनीला इंग्रजीत 'एको' म्हणतात. म्हणून या तपासणीलाही लोक 'टू-डी एको' असेच म्हणतात. यात सुई टोचावी लागत नाही आणि काही दुखतही नाही.

दवाखान्यात दंडाला पट्टी बांधून डॉक्टर आणखी एक गोष्ट मोजतात. ती म्हणजे रक्तदाब. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर वाहत्या रक्ताचा जो जोर पडतो, तो रक्तदाब. हा जोर सदैव वाढलेला राहिला, तर हृदयावर बोजा पडतो, मूत्रपिंडे बिघडतात, मेंदूतील रक्तवाहिनी फुटू शकते. हा रोग मोठा कपटी आहे. बहुतेकांना तो काहीच त्रास देत नाही. म्हणून तो अंगात आहे हे मोजल्यावाचून कळत नाही.

या रोगावर एके काळी परिणामकारक असे औषध जवळजवळ नव्हतेच. ते मिळवून देण्यात आपल्या मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाचा फार मोठा वाटा आहे. त्यांचे नाव डॉ. रुस्तम जाल वकील. त्यांचा जन्म १९११ साली झाला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ते रोग्यांवर उपचार करीत. सर्पगंधा नावाची वनस्पती आपल्या देशात फार प्राचीन काळापासून औषधी म्हणून माहीत होती. तिच्या मुळ्या निद्रानाशावर आणि वेडावर देत असत. तिच्याने रक्तदाब उतरतो, हे काही भारतीय वैद्यांच्या व संशोधकांच्या ध्यानात आले होते. परंतु नुसत्या सांगण्यावर विसंबणे डॉ. वकील यांना मान्य नव्हते. त्यांनी रोग्यांना ते औषध दिले, त्यांचा रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजला आणि जे दिसले ते काटेकोरपणे लिहून ठेवले. १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात त्यांनी ५० रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केले. तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष या भारतीय मुळीकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार देण्यात आला. आज रक्तदाबावर अधिक सुरक्षित औषधे निघाली आहेत, त्यामुळे रिसर्पिनचा वापर मागे पडला आहे. परंतु ऐकीव गोष्ट मोजून पाहायची आणि मगच तिच्यावर विश्वास ठेवायचा, ही डॉ. वकील यांची रीत जुनी झालेली नाही.

मुलांनो, हृदयाचे रोग वडीलधाऱ्यांनाच होतात, असा तुमचा समज असेल. तो बरोबर नाही. तुमच्या वयाच्या मुलामुलींना गाठणारा एक हृदयरोग आहे, आणि त्याचा आरंभ होतो घसा दुखण्यापासून! समजा, एका कारागिराची अकरा वर्षांची मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली आहे. तिच्या अंगात ताप आहे.

"डॉक्टरसाहेब, हिचा गुडघा सुजलाय बघा," आई सांगते. "परवा उजवा सुजला होता, आज डावा. खेळताना पडली असेल, म्हणून मी हळद लावली."

डॉक्टर मुलीची नाडी पाहतात व विचारतात, "बाळ, मागे तुझा घसा दुखत होता का?"

"हो. पंधरा-वीस दिवस झाले. थुंकीसुद्धा गिळवत नव्हती."

"मग औषध घेतलंस?"

"दोन दिवस घेतलं. बरं वाटलं, म्हणून सोडलं."

आई गोंधळते. दुखतो आहे गुडघा; मग डॉक्टर घशाची चौकशी का करतात? डॉक्टर उत्तर न देता मुलीच्या छातीवर नळी ठेवतात आणि बराच वेळ ऐकत राहतात.

त्यांना शंका आलेली असते ती संधिज्वराची. स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू घशात शिरले, की शरीर त्यांच्याशी लढण्याची तयारी करते. काही मुलांच्या बाबतीत या लढाईत चूक होते. घरात शिरलेल्या चोरावर पहारेकऱ्याने अंधारात काठी चालवावी आणि ती घरच्याच माणसांना लागावी, तसा हा प्रकार आहे. जंतूंवर उगारलेले शस्त्र आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर पडते. घसा दुखल्यानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजू लागतात. एक उतरला, की दुसरा सुजतो. सांधे पुढे बरे होतात. झडपांवरचा व्रण मात्र राहून जातो. काही वर्षांनी झडप आखडते. मग जिना चढताना धाप लागते आणि शाळेची वाट लांब वाटू लागते. हा रोग बहुधा ५ ते १५ या वयात सुरू होतो. लहानशा खोलीत पुष्कळ माणसे दाटीने राहत असतील, तर घशाचे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातात. म्हणून दाट वस्तीच्या शहरांत या रोगाविषयी अधिक सावध राहिले पाहिजे.

परंतु हा रोग टाळता येतो. घशातील या जंतूंवर पेनिसिलिन हे उत्तम औषध आहे. डॉक्टरांनी सांगितलेले सर्व दिवस ते घेतले, तर संधिज्वर बहुधा उद्भवतच नाही. ज्याला तो एकदा झाला आहे, त्याने दर तीन किंवा चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते, आणि तेही कित्येक वर्षे. इंजेक्शन दुखते, शाळा बुडते, आता बरे वाटते, अशी कारणे सांगून पुष्कळ मुले ते चुकवतात. चुकवलेल्या प्रत्येक इंजेक्शनाबरोबर पुन्हा झटका येण्याची भीती वाढते. आखडलेली झडप फुग्याने रुंद करण्याची पद्धत जपानमधील डॉ. कांजी इनोऊ यांनी १९८० नंतरच्या दशकात रूढ केली. पायाच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि झडपेपाशी तिच्या टोकाचा फुगा फुगवतात. हा उपाय मोठा खरा. पण घसा दुखत असतानाच घेतलेले साधे औषध त्याहून कितीतरी सोपे!

मोठ्या माणसांच्या बाबतीत डॉक्टरांची लढाई बहुधा वेळेशी असते. साऱ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या हृदयालाही स्वतःसाठी रक्त लागते. ते हृद्-रोहिणी नावाच्या रक्तवाहिन्या पुरवतात. त्यांच्या आतल्या बाजूस वर्षानुवर्षे चरबीचा थर साचत जातो. एखादे दिवशी त्या थरावर रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. पुढचा स्नायू उपाशी राहून मरू लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखे वाटते, घाम फुटतो, डाव्या हातात, पाठीत किंवा जबड्यात कळ येते. काहींना, विशेषतः मधुमेह असलेल्यांना आणि काही स्त्रियांना, नुसतीच धाप लागते किंवा मळमळते.

अशा वेळी घरोघरी काय घडते? "पित्त झाले असेल, सोडा घेऊन बघू," असे कोणी म्हणतो. विणलेल्या कापडाच्या मीटरवर ज्याची मजुरी ठरते, तो कारागीर म्हणतो, "पाळी संपल्यावर जाईन." मजुरी बुडेल ही त्याची चिंता खोटी नसते, त्याच्यावर घर अवलंबून असते. परंतु बुडालेली मजुरी उद्या मिळवता येते. मेलेला हृदयाचा स्नायू पुन्हा उगवत नाही. तेथे केवळ व्रण उरतो. रोगी लवकर आला, तर डॉक्टर ई. सी. जी. काढून झटका ओळखतात आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतात, किंवा तशी सोय असलेल्या रुग्णालयात मनगटाच्या वा जांघेच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन बंद वाट फुग्याने उघडतात व तेथे जाळीची बारीक नळी बसवतात. फुग्याने अशी वाट उघडण्याचा पहिला प्रयोग १९७७ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी केला. म्हणून छातीत असे दुखू लागले, की रोग्याला चालवू नये. त्याला बसवावे, १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि विलंब न करता रुग्णालय गाठावे. हे काम अकरा वर्षांचे मूलसुद्धा करू शकते.

पैशाअभावी उपचार अडू नयेत, म्हणून सरकारनेही काही व्यवस्था केली आहे. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जन आरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील डॉक्टर शाळांमध्ये येऊन मुलांना तपासतात. काही मुलांच्या हृदयाच्या पडद्याला जन्मतःच छिद्र असते, आणि ते या तपासणीत प्रथम लक्षात येऊ शकते. म्हणून असे डॉक्टर शाळेत आले, तर "मला खेळताना धाप लागते," हे सांगायला मुळीच लाजू नये.

हृदयरोगाच्या डॉक्टरांचे बरेचसे काम मात्र यंत्रांवाचून चालते. तंबाखू आणि विडी सोडा, असे ते एकाच माणसाला दहा वेळा न कंटाळता सांगतात. पापड-लोणच्यांतले मीठ कमी करा, रोज भरभर चाला, बरे वाटले तरी गोळी थांबवू नका, असे ते समजावतात. पुढच्या वेळी रोगी आला, की मागच्या कागदावरचा रक्तदाब आणि आजचा रक्तदाब शेजारी शेजारी ठेवून पाहतात. असे उपचार वर्षानुवर्षे चालतात. त्यांत गाजावाजा नसतो. परंतु जो झटका आलाच नाही, त्याचे श्रेय पुष्कळदा अशा कागदांना आणि असे कागद जपून ठेवणाऱ्या रोग्यांना असते.

हृदय आपल्यासाठी दिवसाला लाख वेळा धडधडते आणि मोबदल्यात फार थोडे मागते. घशाचे औषध पूर्ण घेणे, रोज मैदानावर खेळणे आणि तंबाखूला हातही न लावणे, एवढे तुम्ही आजपासूनच करू शकाल. घरातील आजी-आजोबांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, हेही आज संध्याकाळी त्यांना विचारा.

शब्दार्थ

तसूतसूने – अगदी थोडे थोडे करून. धोटा – आडवा धागा वाहून नेणारे मागाचे साधन. प्रशस्त – योग्य, उचित. वंशज – कुळात पुढे जन्मलेला. व्रण – जखमेची खूण. रोहिणी – हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी. विलंब – उशीर. मोबदला – केलेल्या कामाबद्दल मिळणारे धन.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.
(अ) 'लब्' आणि 'डब्' हे आवाज कशामुळे होतात?
(आ) रक्तदाबाच्या रोगाला लेखकाने कपटी का म्हटले आहे?
(इ) मुलीचा गुडघा सुजलेला असताना डॉक्टरांनी घशाची चौकशी का केली?
(ई) डॉ. वकील यांनी सर्पगंधेची परीक्षा कोणत्या रीतीने केली?

२. "पाळी संपल्यावर जाईन," असे कारागीर का म्हणतो? तुम्ही त्या वेळी तेथे असता, तर त्याला काय सांगितले असते? आठ-दहा ओळी लिहा.

३. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : विसंबून राहणे, लक्ष वेधणे, घाम फुटणे, न कंटाळता सांगणे.

४. विरुद्धार्थी शब्द लिहा : मंद, स्थूल, अरुंद, प्राचीन, सूक्ष्म.

५. 'पहारेकऱ्याने अंधारात काठी चालवावी, तसा हा प्रकार आहे.' या वाक्यात कशाची तुलना कशाशी केली आहे? पाठातील अशी आणखी दोन वाक्ये शोधून लिहा.

६. उपक्रम : शांत बसून मनगटावरची नाडी एक मिनिट मोजा. नंतर मैदानाला एक फेरी मारून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा व फरकाचे कारण शिक्षकांना विचारा.